व्यायाम सुरू केला की गुडघा पुन्हा दुखतो? आधी हे तपासा

पोलीस भरतीची चाहूल लागली की धुळ्यात माझ्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्यांत साक्री, शिरपूर, शिंदखेड्याकडची पोरं वाढतात. तक्रार जवळपास एकच: "बसनू का बरं वाटस, पळनू का लगेच दुखस." आठ-पंधरा दिवस ग्राउंड बंद ठेवलं, गुडघा मोकळा झाला, पुन्हा पळायला लागलं की चौथ्या दिवशी दुखणं हजर. मग परत आराम, परत गोळ्या. देवपुरातून पहाटे फिरायला निघणाऱ्या काका-काकूंचंही असंच चालतं, फक्त त्यांचं वर्षानुवर्षं चालतं आणि शेवटी कुणीतरी सांगून टाकतं, "आता वय झालं, चालणं सोडा."

आरामाने दुखणं शमतं, कारण गुडघ्यावरचा भार निघून जातो. पण त्याच पंधरा दिवसांत मांडीचा स्नायूही उतरतो. मग परत ग्राउंडवर गेल्यावर वेग तोच, रस्ता तोच, शेवटचे दोनशे मीटर जीव खाऊन पळणं तेच, आणि धक्का झेलणारा स्नायू मात्र आधीपेक्षा कमजोर. दुखणं परत येणारच. अशा येऊन-जाऊन असणाऱ्या गुडघेदुखीत बहुतेक वेळा पूर्ण आराम हा इलाज नसतो. भार दुखणं सोसेल इतका खाली आणायचा, व्यायाम चालू ठेवायचा आणि मग हळूहळू भार चढवायचा, हा इलाज असतो. किती खाली आणायचा आणि कोणता व्यायाम करायचा, हे दुखणं नेमकं कुठे आणि केव्हा होतं त्यावर ठरतं.

घरी प्रयोग करायचे नाहीत असे गुडघे

पुढचं सगळं वाचण्याआधी हे बघून घ्या.

कबड्डीत किंवा व्हॉलीबॉलला पाय जमिनीत रोवलेला, अंग मात्र वळलं, आतून 'कट्' झालं आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साचलेलं असण्याची शक्यता मोठी. एसीएल नावाचं लिगामेंट (गुडघ्याची हाडं आतून बांधून धरणारा पट्टा) तुटलं की असंच होतं. हा गुडघा हाडवैद्याकडे नेऊन ओढून-पिळून घेऊ नका. अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. असा गुडघा महिन्याभरात चालण्यापुरता बरा वाटतो आणि पुन्हा मैदानात उतरल्यावर निसटतो, त्यात गादीही (दोन हाडांमधली धक्का झेलणारी चकती) जाते.

गुडघा मध्येच अडकतो, सरळच होत नाही, झटका दिल्यावर सुटतो: गादीचा फाटलेला तुकडा किंवा हाडाचा कण आत अडकत असेल.

पडल्या-आपटल्यानंतर चार पावलंही टाकता येत नाहीत, गुडघा काटकोनात वाकत नाही, किंवा वाटीवरच बोट टेकलं तरी कळ येते: एक्स-रे काढून घ्या. पंचावन्नच्या पुढचं माणूस पडलं असेल तर एवढी लक्षणं नसली तरी काढा.

गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप: त्याच दिवशी दवाखाना. सांध्यात जंतू शिरले असतील तर कूर्चा (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) खराब व्हायला थोडेच दिवस पुरतात. आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर मालिश अजिबात नको. शिरेत रक्ताची गाठ आहे का, ते आधी बघावं लागतं.

लहान मूल लंगडतं, गुडघा दुखतो म्हणतं, पण गुडघ्यात दाबून काही सापडत नाही, तर डॉक्टरांना खुबा तपासायला सांगा. खुब्याचं दुखणं मुलं गुडघ्यावर हात ठेवून सांगतात, आणि हे फार वेळा निसटतं.

पावसाळ्यात अजून एक गोष्ट. ताप येऊन गेला आणि मग दोन्ही गुडघे, घोटे, मनगटं धरली, तर त्याचा तुमच्या व्यायामाशी संबंध नसेल. चिकनगुनियानंतरची सांधेदुखी महिनोन् महिने रेंगाळू शकते. तिचा इलाज वेगळा आहे.

यातलं काही नसेल तर पुढे वाचा.

एका बोटाने दाखवा

"कुठे दुखतं?" विचारलं की बहुतेक जण पंजा पसरून अख्ख्या गुडघ्यावर ठेवतात. मी म्हणतो, एकच बोट. काहींना जमतं, काहींना जमतच नाही, आणि न जमणं हीसुद्धा माहितीच असते. एक बोट ठेवता न येणारं, वाटीच्या मागे-आजूबाजूला कुठेतरी असणारं दुखणं बहुधा वाटीचंच असतं.

हे वाटीमागचं दुखणं व्यायाम करणाऱ्यांत सगळ्यात जास्त. ओळख सोपी आहे. जिना चढताना दुखतं, उतरताना जास्त दुखतं, बैठका मारताना दुखतं आणि गुडघा मोडून बराच वेळ बसलं की दुखतं. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असते, तासभर मांडी घालून जेवण होतं, आणि उठताना माणूस दोन्ही हात जमिनीला टेकून "थांबा रे जरा" म्हणतो, तोच हा प्रकार. एसटीत नाशिकपर्यंत पाय दुमडून बसलेल्यालाही हेच होतं. पायावर अंगाचा भार असताना गुडघा जितका जास्त वाकतो तितकी वाटी मांडीच्या हाडावर जोराने दाबली जाते. पायऱ्यांवर हा दाब शरीराच्या वजनाच्या तिपटीच्या घरात जातो, खोल बैठकीत त्याहून कितीतरी जास्त. वंगण संपलंय, हाडं घासताहेत अशी भीती लोकांना या दुखण्यात बसते. विशीतल्या पोराच्या बाबतीत ती जवळपास नेहमी फुकटची असते. गुडघ्याच्या कटकट आवाजाचंही तसंच. न दुखता नुसता आवाज येत असेल तर त्याच्याकडे कान देऊ नका.

बोट वाटीच्या खालच्या टोकावर, तिथून नडगीकडे जाणाऱ्या जाड दोरीवर नेमकं पडतं? ते टेंडनचं दुखणं. उड्या मारणाऱ्यांना आणि स्प्रिंट मारणाऱ्यांना होतं. याची खोड अशी की सुरुवातीला दुखतं, अंग गरम झालं की थांबतं, माणूस खूश होऊन जोरात व्यायाम करतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरवत नाही. तेच बोट आणखी खाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यावर पडत असेल आणि मूल दहा ते पंधरा वर्षांचं, अंगाने झपाट्याने वाढणारं असेल, तर तो वाढीच्या वयातला त्रास आहे. तो उंचवटा दुखतो, थोडा पुढे येतो आणि वाढ थांबली की बहुतेकांचा आपोआप शमतो. खेळ बंद करायची गरज नसते, कमी करायची असते.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बोट पडत असेल तर मी लगेच विचारतो, "किती पळाल्यावर?" उत्तर ठरलेलं असतं: दीड-दोन किलोमीटरपर्यंत काही नाही, मग एकदम सुरी लावल्यासारखं. थांबलं की जातं. मांडीच्या बाहेरून खाली येणारा पट्टा गुडघ्याच्या बाहेरच्या हाडापाशी डिवचला जातो, त्याचं हे दुखणं. उतारावर जास्त. लळिंगचा किल्ला चढताना मजेत असणारी माणसं उतरताना अर्ध्यावर बसतात ती बऱ्याचदा याचीच, नाहीतर वाटीची.

आतल्या बाजूचं दुखणं तरुणात मुरगळण्यामुळे, गादीमुळे किंवा लिगामेंटमुळे असतं, पन्नाशीनंतर बहुधा झिजेमुळे. मागच्या खळग्यात भरल्यासारखं वाटत असेल तर ते बऱ्याचदा सांध्यातलं पाणी मागे आलेलं असतं, आणि मूळ कारण पुढे सांध्यातच शोधावं लागतं.

दुखायच्या आधी काय बदललं?

दुसरा प्रश्न. लोक म्हणतात, काहीच नाही. खोदून विचारलं की निघतंच.

भरतीच्या पोरांचं ऐका. मैदानी चाचणीत पुरुषांना 1600 मीटर, मुलींना 800, दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक. राज्य राखीव दलासाठी पाच किलोमीटर. जाहिरात येईपर्यंत लेखीचा अभ्यास, म्हणजे खोलीत बसून असणं. जाहिरात आली की दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे पूर्ण 1600 मीटर, घड्याळ लावून, पूर्ण जोराने. त्यावर बैठका, त्यावर मित्राने सांगितलेल्या बेडूकउड्या. म्हणजे सरावच नाही, रोज परीक्षा. चांगले धावपटूही आठवड्यातून दोन-तीनदाच असं जोरात पळतात, बाकी दिवस बोलता येईल इतक्या सावकाश. हे सांगितलं की पोरांना पटत नाही. सावकाश पळणं म्हणजे वेळ वाया घालवणं वाटतं.

मग रस्ता. गावाकडची बहुतेक पोरं मैदानावर नाही, फाट्यापर्यंत जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर पळतात. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता असतो. ट्रक-डंपरच्या भीतीने पोरगं एकाच कडेने पळतं, म्हणजे एक पाय रोज खालच्या बाजूला, एक वरच्या. बाहेरच्या बाजूच्या दुखण्यात मी हे आवर्जून विचारतो. मैदानावर पळणारा असेल तर सगळ्या फेऱ्या एकाच दिशेने मारतो का, ते विचारतो. आठवड्यातले दोन दिवस उलट दिशेने पळा, एवढा बदलही कधी कधी पुरतो. शेतरस्ता मऊ म्हणून बरा वाटतो, पण उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीला हातभर भेगा पडतात. पहाटेच्या अंधारात तिथे पळणं म्हणजे मुरगळून घ्यायला जाणं.

चैत्रात वेगळी गर्दी. वर्षभर घर ते दुकान चालणारी माणसं सप्तशृंगी गडावर पायी निघतात, बरीच जण अनवाणी, तापलेल्या डांबरावरून, सलग काही दिवस. आई बोलावते तेव्हा कुणी थांबत नाही आणि थांबा म्हणण्यात अर्थही नाही. पण दीड-दोन महिने आधीपासून चालण्याची सवय केली, आठवड्यातून एकदा लांब पल्ला मारला, तर येताना गुडघे धरून गाडीत बसायची वेळ बहुतेकांवर येत नाही.

जिममध्ये बदल वजनाचा असतो, क्वचित मशीनचा. लेग एक्स्टेन्शनच्या मशीनवर वजन लावून पाय पूर्ण सरळ करणं वाटीमागच्या दुखण्याला सोसत नाही. काटकोनापासून अर्ध्यापर्यंतच सरळ केला तर बऱ्याचदा चालतं. स्क्वॉटचं नेमकं उलट आहे, तिथे वरचा अर्धा भाग सोपा आणि खोल जाणं अवघड.

आणि बैठका. तालमीतल्या आपल्या बैठका चवड्यावर, टाचा उचलून, पूर्ण खाली, झपाझप आणि शंभरांच्या हिशेबात मारायच्या असतात. लहानपणापासून मारत आलेल्या पैलवानाचा गुडघा त्याला सरावलेला असतो. आठवड्यापूर्वी सुरू केलेल्या माणसाचा नसतो. दुखत असेल तर टाच जमिनीवर, खाली निम्म्यापर्यंतच, चार मोजत उतरायचं आणि संख्या पाव करायची. दुखणं शमल्यावर खोली वाढवा, मग संख्या. वेग सगळ्यात शेवटी.

बूट जुने झालेत का, नवे घेतल्यावरच दुखायला लागलं का, हेही बघा. पण महाग बूट घेतले की गुडघा बरा होईल ही अपेक्षा सोडा.

ओट्यावरून उतरून बघा

ही तपासणी घरी होते. वीतभर उंचीची पायरी किंवा ओट्याची कड घ्या. पाय अनवाणी, पँट गुडघ्यावर. दुखऱ्या पायावर उभं राहायचं, दुसरा पाय पुढे हवेत धरून हळूहळू खाली न्यायचा, टाच जमिनीला नुसती शिवून परत वर यायचं. कुणाला तरी समोरून मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा. पाच-सहा वेळा करा. मग दुसऱ्या पायाने.

व्हिडिओत तीन गोष्टी बघा. गुडघा पायाच्या अंगठ्याच्या आत झुकतो का? कंबर दुसऱ्या बाजूला पडते का? तोल सांभाळायला अख्खं अंग वाकडं होतं का? परवा एक मुलगी आली होती, 800 मीटरची तयारी करणारी. एक्स-रे नॉर्मल, रक्त नॉर्मल, गुडघा मात्र सारखा दुखतो. ओट्यावरून उतरताना तिचा उजवा गुडघा प्रत्येक वेळी डाव्या गुडघ्याकडे असा काही पडत होता की व्हिडिओ बघून तीच हसली. पाऊल, गुडघा, वाटी सगळं ठीक होतं. कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू मांडीला जागेवर धरत नव्हता. वाटीमागचं आणि बाहेरच्या बाजूचं दुखणं असलेल्या बऱ्याच जणांच्या व्यायामात म्हणूनच गुडघ्याइतकंच कुल्ल्याकडे लक्ष द्यावं लागतं. गुडघा थोडा आत जाणं अनेक न दुखणाऱ्या माणसांतही दिसतं, त्यामुळे नुसतं तेवढं दिसलं म्हणून घाबरू नका. दुखऱ्या आणि चांगल्या पायात फरक किती आहे, ते बघा.

किती दुखलं तर चालेल?

शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं तर चालू ठेवा. चार-पाच झालं तर वजन, खोली किंवा वेग कमी करा. त्याहून वर गेलं की त्या दिवसापुरतं थांबा.

पण खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. उठल्यावर पहिला जिना किंवा ओटा उतरताना कालच्यासारखंच किंवा कमी दुखतंय, तर कालचा व्यायाम सोसला. जास्त दुखतंय किंवा सूज आहे, तर कालचा डोस जास्त झाला. पुढच्या वेळी तेवढाच कमी करा, बंद करू नका. हा हिशेब वहीत लिहा. डोक्यात ठेवलेला हिशेब चार दिवसांनी सोयीप्रमाणे बदलतो.

अजिबात दुखता कामा नये, या हट्टापायी लोक इतकं कमी करतात की स्नायू कधी तयारच होत नाही.

कोणते व्यायाम

खूप नकोत. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक.

भिंतीला पाठ टेकून, दुखणार नाही इतकं खाली सरकून बसून राहणं. पंचेचाळीस सेकंद, चार-पाच वेळा, मध्ये एक-दोन मिनिटं विश्रांती. टेंडनच्या दुखण्यात इथूनच सुरुवात करा, कारण न हलता ताण दिल्याने काहींचं दुखणं तेवढ्यापुरतं उतरतं आणि पुढचे व्यायाम जमतात.

खुर्चीवरून उठबस. उठताना सहज, बसताना चार मोजत. दहा-बारा वेळा, तीन फेऱ्या. सोपं झालं की छातीशी पाच किलो गव्हाची पिशवी धरा, मग दहा. बिनवजनाच्या उठबशा शंभर करण्यापेक्षा वजन घेऊन दहा करणं स्नायूला जास्त कामाचं, आणि टेंडनला तर वजनाशिवाय फरकच पडत नाही.

उताणं झोपून गुडघे मोडून कंबर उचलणं, आधी दोन्ही पायांवर, मग एका. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलणं; इथे पाय पुढे येऊ देऊ नका, जरासा मागेच ठेवा, नाहीतर भलताच स्नायू काम करतो. पायरीच्या कडेवर उभं राहून एका पायाने टाच उचलणं; पोटरी धडधाकट असेल तर वीस-पंचवीस व्हायला हव्यात, बऱ्याच पळणाऱ्यांच्या बारावरच थांबतात. आणि शेवटी ओट्यावरून उतरायची तीच तपासणी, आता व्यायाम म्हणून.

फरक साधारण सहा ते बारा आठवड्यांत दिसतो. दोन आठवडे करून "काही फायदा नाही" म्हणणारे बरेच भेटतात. टेंडन तर त्याहूनही सुस्त.

परत पळताना

अर्धा तास झपाझप चालून दुखत नाही, जिना सरळ उतरता येतो, ओट्याचा व्यायाम दहा वेळा तोल न जाता होतो, मग पळा. एक मिनिट सावकाश पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. दिवसाआड. सोसलं की दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. मग सलग. आधी अंतर वाढवा, वेग नंतर. एका आठवड्यात दोन्ही नको. 100 मीटरचा जोर आणि गोळा शेवटी घ्या. गोळा फेकताना रोवलेल्या पायावर अंग फिरतं, दुखऱ्या गुडघ्याला ते आवडत नाही.

एक युक्ती फुकट आहे. तीस सेकंदांत उजवा पाय किती वेळा पडतो ते मोजा, त्याला चारने गुणा, ही तुमची मिनिटाची पावलं. 160 येत असतील तर त्याच वेगाने 168 ते 176 पावलं टाकून बघा, म्हणजे प्रत्येक पाऊल थोडं आखूड. टाच फार पुढे आपटत नाही आणि प्रत्येक पावलाचा गुडघ्यावरचा धक्का कमी होतो. सुरुवातीला दम लागल्यासारखं वाटेल, पंधरा दिवसांत सवय होते.

ग्राउंडची तारीख डोक्यावर आली असेल तर दम टिकवायला सायकल घ्या, सीट उंच ठेवून. आठवड्यातून दोनदा पळा आणि वरचं तीनचं माप सोडू नका. तारखेच्या आदल्या दिवशी 'बघू तरी होतं का' म्हणून 1600 मारू नका.

गोळी, पट्टा, इंजेक्शन, एमआरआय

मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी खाऊन पळायचं, हे भरतीच्या ग्राउंडवर सर्रास चालतं. दुखणं दबतं, त्यामुळे वरचं मोजमापच बिघडतं. शिवाय एप्रिल-मेमध्ये खान्देशात पारा 44-45 अंशांवर असतो, अंगातलं पाणी आटलेलं असतं आणि अशा वेळी या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. बीपी, शुगर, किडनीचा किंवा ॲसिडिटीचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

नी-कॅप घाला, धीर येतो आणि काहींना बरं वाटतं. दिवसभर घालून स्नायूचं काम तिच्यावर सोपवू नका. सूज असेल तर कापडात गुंडाळून बर्फ, नुसता आखडलेपणा असेल तर शेक. तेल चोळून बरं वाटत असेल तर चोळा. रुईचं पान तापवून बांधायचं असेल तर चीक कातडीला आणि डोळ्याला लागू देऊ नका, फोड येऊन आलेले लोक मी बघितले आहेत.

सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुजलेल्या, झिजलेल्या गुडघ्यात काही आठवडे आराम देतं. पण 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत झिजेच्या रुग्णांना दर तीन महिन्यांनी, दोन वर्षं ते दिलं, तेव्हा दुखण्यात खाऱ्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा जास्त फायदा दिसला नाही आणि कूर्चा मात्र जास्त कमी झाली. म्हणून वारंवार नको.

एमआरआय तर आता लोक स्वतःहून काढून आणतात. रिपोर्टमध्ये 'गादी फाटली' वाचून रडकुंडीला आलेल्यांना मी फ्रेमिंगहॅम या अमेरिकन शहरातला अभ्यास सांगतो, 2008 साली प्रसिद्ध झालेला. पन्नाशीपुढच्या सर्वसाधारण लोकांचे गुडघे तपासले, आणि ज्यांची गादी फाटलेली दिसली त्यांच्यातल्या 61 टक्के लोकांना आधीच्या महिन्यात काही दुखणंच नव्हतं. फाटलेली गादी आणि दुखणारा गुडघा एकाच माणसात असले तरी एकामुळेच दुसरं असेल, असं नाही. अडकणं, निसटणं, सूज नसेल तर आधी तीन महिने व्यायाम करावा, असं माझं मत आहे.

ज्यांना 'चालणं सोडा' सांगितलंय त्यांच्यासाठी

झीज असलेल्या गुडघ्याला व्यायाम हा इलाजाचा पहिला भाग आहे, सगळ्यात शेवटचा नाही. तासभर सलग चालणं सोसत नसेल तर सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस. जळगावात मेहरूण तलावावर बघाल, सत्तरीतली माणसं अधूनमधून बाकावर टेकत फेरी पूर्ण करतात, तसंच करायचं. सोबत खुर्चीवरची उठबस हवीच, नुसत्या चालण्याने मांडी भरत नाही. जमिनीवर मांडी घालून बसणं काही काळ कमी करा, पण कायमचं बंद करायची घाई नको. उठता येणं ही गरजेची ताकद आहे.

वजन जास्त असेल तर 2005 सालचा एक अमेरिकन अभ्यास लक्षात ठेवा: झिजेच्या रुग्णाचं वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी झाला. वजन पाच किलो उतरलं तर पावलागणिक वीस. शेवेच्या भाजीवरची तर्री आणि वरण-बट्टीवरचं तूप याचा हिशेब आपापल्या घरी करावा, मी त्यात पडत नाही.

"पळून पळून गुडघे झिजतात" म्हणणाऱ्यांसाठीही एक आकडा. 2017 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा हौसेने पळणाऱ्यांत गुडघ्या-खुब्याची झीज 3.5 टक्के निघाली, बैठ्या लोकांत 10.2 टक्के. उच्च स्तरावर स्पर्धा करणाऱ्यांत मात्र 13.3. यात एक मेख आहे: ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच पळत राहतात. त्यामुळे पळणं हे औषध ठरत नाही, पण पळण्याने गुडघे संपतात हेही यात दिसत नाही.

सगळं करूनही परत दुखलं तर

आधी वही उघडा. दुखायच्या आधीचे पंधरा दिवस बघा; एकतर व्यायामाचे दिवस गाळलेले सापडतील किंवा एका दिवशी दुप्पट केलेलं. तसं काही नसेल, तर वजन वाढवलंय की महिनाभर त्याच पाच किलोंवर अडकलाय, ते बघा. तेही ठीक असेल, तर पुन्हा एका बोटाने दाखवा. सुरुवातीला वाटीमागे होतं आणि आता आतल्या बाजूला बोट जातंय, तर ते दुसरंच दुखणं आहे आणि जुने व्यायाम त्याला लागू होतीलच असं नाही. बोट त्याच जागी आणि बारा आठवडे नेमाने करूनही फरक नाही, किंवा सकाळी उठल्यावर गुडघा अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेला राहतो, किंवा रात्री स्वस्थ पडल्यावरही ठणकतो, तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा, वही सोबत घेऊन. आखडण्याची आणि रात्रीच्या ठणक्याची तक्रार असेल तर यूरिक ॲसिडचा किंवा संधिवाताचा काही भाग आहे का, ते रक्त तपासून बघायला सांगा.